एक पैसा न्हाय

आमच्या घरात सकाळ बाटल्यांनी व्हायची. मागच्या दारी न्हाणीला लागून सिमेंटची लांबोडकी टाकी होती. तिच्यात रात्रभर भिजलेल्या जाड हिरव्या बाटल्या आई उजाडताच एकेक करून फिरत्या ब्रशवर चढवायची, आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यातली काचेची गोटी खळ्ळ करून वाजायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, आज लेमनच्या बाटल्या आहेत की साध्या सोड्याच्या. लेमनच्या बाटलीत साखर चिकटून राहिलेली असते, तिची गोटी जरा उशिरा आणि जड वाजते. मग पडवीतून बाबांचं मशीन सुरू व्हायचं. मशीन म्हणजे लोखंडी चौकटीत बसवलेली फिरती पेटी, आजोबांनी मुंबईहून आणलेली. तिच्यात भरलेल्या बाटल्या निजवायच्या, सिलिंडरची चावी सोडायची आणि दांडा धरून पेटी गरगर फिरवायची. गॅस फुस्स करत आत शिरायचा, पेटी उलटी झाली की गोट्या गळ्याशी येऊन रबराच्या कड्यावर घट्ट बसायच्या. टक्. टक्. टक्टक्. सगळ्या बसल्या की बाबा दांडा सोडायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. पेटी फिरत असली की घर हलायचं, फडताळातले कप किणकिणायचे. आम्हाला ते ऐकू येत नसे, पाहुणेच दचकून वर बघायचे. आता मी उरणला राहते. खिडकीखालून कंटेनरचे ट्रेलर जातात, घर हलतं, कप वाजतात, आणि अर्धवट झोपेत मला वाटतं, बाबांनी पेटी फिरवायला घेतली.

आमचं गाव काशीदच्या अलीकडचं, रस्त्याला लागून. रस्त्यापलीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि वाड्यांपलीकडे समुद्र. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागायची आणि किनाऱ्यावरच्या, नारळाच्या झापांच्या टपऱ्यांत आमचा गोटी सोडा जायचा. बाबांना सगळे भाऊ म्हणत, भाऊ सोडावाले. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी रेघ होती, कधीतरी मशीनमध्ये बाटली फुटून उडालेल्या काचेची. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ही माझी डिग्री." ज्या बाटलीची गोटी नीट बसली नाही, जिच्यातून गॅस हळूहळू निघून जाई, ती नापास. नापास बाटल्या विकायच्या नाहीत असा नियम होता, म्हणून त्या आमच्या वाट्याला यायच्या. साधा सोडा नापास झाला की आई तो घावनाच्या पिठात ओतायची. तांदळाचं पीठ, मीठ, नापास सोडा. तव्यावर पडल्या पडल्या त्याला अशी जाळी सुटायची की पलीकडचा दिवा दिसावा. त्यावर नारळाचा रस आणि गूळ, नाहीतर रात्रीचं सुकटीचं कालवण. मी पुढे बऱ्याच ठिकाणी घावन खाल्ले, चांगल्या हातांचे खाल्ले. तशी जाळी कुठे नाही. आईला एकदा मी फोनवर म्हटलं, बाजारातला सोडा घालून बघ की. ती म्हणाली, "तो पास झालेला असतो गो बाय, त्याचं न्हाय होत."

मी वाचायला शिकले तेही त्या बाटल्यांमुळेच. बाबांची बहीण, माझी आत्या, उरणला. तिने मिठागरातल्या बायकांच्या संघटनेत सगळं आयुष्य घातलं. सभा झाली, मोर्चा झाला की उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे ती बाबांना पाठवायची, कारण क्रेटमध्ये बाटली बाटलीवर आपटू नये म्हणून मध्ये घालायला बाबांना कागद लागायचा. गुलाबी, पिवळे, पोपटी कागद. मी पडवीत फतकल मारून त्यांच्या घड्या घालायचे आणि घालता घालता वाचायचे. बंधूंनो आणि भगिनींनो. जागे व्हा. हे किती दिवस सहन करायचे. माझ्या वर्गातल्या मुली गोष्टींची पुस्तकं वाचत होत्या तेव्हा मला किमान वेतन म्हणजे काय ते माहीत होतं. शाळेत 'माझी आई' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर मी शेवटी तीन उद्गारचिन्हं देऊन 'लढा चालूच राहील' असं लिहिलं. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई घरी येऊन बाबांना म्हणाली, "तुमच्या बहिणीने पोरगी बिघडवली." बाबा म्हणाले, "बिघडली न्हाय, छापून आली." त्या पत्रकांत जगाचे दोन भाग होते, मालक आणि कामगार. आमचे बाबा कुठल्या भागात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ते मशीनचे मालक होते आणि मशीन तेच फिरवत होते.

बाबांचा एकच अभिमान होता, आणि तो ते दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावरून उठताना मोठ्याने बोलून दाखवायचे: "कोणाचं एक पैसा देणं न्हाय." जणू तीच आरती. साखर, इसेन्स, रबराची कडी, सगळं रोख. अलिबागला ज्यांच्याकडून माल यायचा ते गुजराती शेठ वैतागायचे, माल घेऊन जा, पैसे कुठे पळतायत म्हणून. "भाऊ, लई जाव ना, पैसा क्यां भागी जवाना?" बाबा हसून नोटा मोजायचे. गावात त्यांच्या शब्दावर कुणीही काहीही दिलं असतं. याला ते पत म्हणायचे. माणसाची पत. ती कधी वापरायची नाही, म्हणून ती शिल्लक राहते, असं त्यांचं गणित.

रस्त्यापलीकडचे शेजारी सुहासकाका याच्या बरोबर उलट. त्यांनी वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या त्या बँकेचं कर्ज काढून, मग खोल्यांना थंड हवेची यंत्रं बसवली ती पहिल्या कर्जावर दुसरं काढून. दोघांची रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक.

"काय रे सुहास, आज कुठल्या बँकेचं जेवलास?" बाबा विचारायचे.

"जेवण बँकेचं, भाऊ. ढेकर तेवढा तुमच्या सोड्याचा."

आणि दोघं बाटलीच्या गळ्यात अंगठा घालून एकदम गोटी दाबायचे. फट्ट.

मग सगळं बंद झालं. ते कसं झालं हे सांगायची गरज नाही, ते सगळ्यांच्याच घरी झालं. गाड्या थांबल्या, टपऱ्यांवर झापं ओढून घेतली, गावाच्या तोंडाशी पोरांनी बांबू आडवा बांधला. ऐन उन्हाळ्यासाठी भरून ठेवलेला माल पडवीत छताला टेकला होता. बाबांनी तो बांबूशी बसलेल्या पोरांना आणि उन्हात उभ्या पोलिसांना वाटला. समुद्र तेवढा ऐकू यायचा. आधी तो इतका जवळ आहे हे मला माहीत नव्हतं. आणि मग पावसाच्या तोंडावर ते वादळ आलं. पडवीचे पत्रे वाडीत, वाडीतली सुपारी पडवीत. माड पडला तो नेमका क्रेटांच्या थप्पीवर. आम्ही कितीतरी दिवस काच वेचत होतो. अजूनही मागच्या अंगणात कुदळ मारली की एखादी गोटी निघते. पंचनाम्याला माणसं आली, भली होती, त्यांनी पत्रे मोजले, झाडं मोजली. बाटल्यांसाठी त्यांच्या कागदावर रकाना नव्हता. मशीन मात्र शाबूत राहिलं. बाबांनी त्याच्यावरचा चिखल धुतला, तेल दिलं, दांडा रिकामाच फिरवून बघितला. बाटल्या नव्हत्या, गॅसचा सिलिंडर भरायला काही नव्हतं. त्या जातीच्या बाटल्या पार उत्तरेकडून यायच्या, आणि थोड्या मागवून चालत नसे, ट्रक भरून घ्याव्या लागत, पैसे आधी टाकून. दिवाळीला गाड्या परत येणार असं सगळे म्हणत होते. दिवाळीच्या आत मशीन फिरलं तर धंदा, नाहीतर मशीन भंगारात. एवढी साधी गोष्ट होती.

एका दुपारी टीव्हीवर घोषणा झाली. छोट्या धंद्यांना कर्ज मिळणार, तारण नको, हमी सरकार घेणार. बाबा जेवता जेवता थांबले. भाताचा घास हातात तसाच.

"सरकार हमी घेतंय," ते म्हणाले.

आई म्हणाली, "घेऊ दे. आपल्याला काय त्याचं?"

"म्हंजे ते सावकारी कर्ज न्हाय. मंदी आलीय, माणसाची चूक न्हाय, म्हणून सरकार मधे उभं राहतंय. त्याला कर्ज न्हाय म्हणायचं. तो टेकू झाला."

"तुमच्या तोंडून हा शब्द मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकते."

"मी कर्ज म्हटलंच न्हाय, टेकू म्हटलं," बाबा म्हणाले आणि घास तोंडात घातला.

पण ते दोन-तीन दिवस त्यांच्या आत काय काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ते ओट्यावरून उठायचे, पडवीत जाऊन मशीनच्या चौकटीला हात लावायचे, परत यायचे. आईच्या अंगावर मंगळसूत्राच्या वाट्यांपलीकडे सोनं नव्हतं, होतं ते कधीच लागेल तिथे खर्चून गेलं होतं. शेवटी एका सकाळी त्यांनी लग्नाकार्याचा पांढरा शर्ट काढला. मी कॉलेज बंद म्हणून घरीच होते. म्हणाले, "चल बाय, तू चल. इंग्रजी कागद असला तर."

बँक तालुक्याच्या गावी. व्यवस्थापक यवतमाळकडचा तरुण मुलगा, काचेपलीकडे, तोंडाला मुसकं. बाबांनी आत जाताना चपला काढल्या. त्याने लगबगीने "काका, राहू द्या, राहू द्या" म्हटलं आणि चहा मागवला. मी त्याच्यावर चिडायच्या तयारीने गेले होते आणि तो चहा मागवत होता. बाबांनी मशीन, बाटल्या, वादळ सगळं सांगितलं. तो मान डोलवत ऐकत होता. मग त्याने विचारलं, "बरं काका, आधीचं कर्ज किती आहे?"

बाबा खुर्चीत सरळ झाले. या प्रश्नाची ते आयुष्यभर वाट बघत होते असं मला वाटलं. त्यांनी मुसकं हनुवटीखाली ओढलं, म्हणजे शब्द नीट ऐकू जावा.

"एक पैसा न्हाय."

मुलाने पेन खाली ठेवलं.

"कुठल्याच बँकेचं नाही? पतपेढी? गाडीबिडी?"

"न्हाय. माझ्या बापाचं पण नव्हतं. कुणालाही विचारा."

"काका, ही जी योजना आहे ना, ती ज्यांचं आधीच कर्ज आहे त्यांच्यासाठी आहे. जे शिल्लक असेल, त्याच्यावर काही टक्के जास्तीचं मिळतं. शिल्लकच शून्य असेल तर..." त्याने दोन्ही हात उघडून दाखवले. "शून्यावर किती टक्के काढू?"

बाबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हणजे जो आधी बुडालेला आहे त्यालाच दोर, आणि ज्याने पोहत इथवर आणलं त्याला काही नाही?"

"ताई, परिपत्रक मी लिहीत नाही. साधं कर्ज बघू का? पण त्याला तीन वर्षांची विवरणपत्रं लागतात, उलाढाल खात्यावर दिसावी लागते. काकांचं सगळं रोख. आणि स्कोअरच येत नाही." त्याने संगणक आमच्याकडे थोडा वळवला, जणू आम्हीच बघावं. "कमी आहे असं नाही हं. येतच नाही. काका, तुमची पत चांगलीच असणार, पण तिचा इतिहास नाही."

"इतिहास म्हंजे?"

"म्हणजे कधी घेतलं, कधी फेडलं."

"घेतलंच न्हाय तर फेडू काय?"

"तेच ना," तो मुलगा अगदी हळू म्हणाला. "तुम्ही एखादा फ्रीज जरी हप्त्यावर घेतला असता ना काका, तर मला वर काहीतरी दाखवता आलं असतं."

"फ्रीज रोख घेतला," बाबा म्हणाले.

परतताना एसटीत एका सीटवर एकच माणूस बसवत होते, म्हणून बाबा पुढे आणि मी मागे. त्यांची मान खिडकीकडे होती. मी पिशवीतल्या वहीचं मागचं पान फाडलं आणि लिहायला लागले. बंधूंनो आणि भगिनींनो! कर्ज नसणे हा या देशात गुन्हा झाला आहे काय? तालुक्यातील एका गोरगरीब सोडाविक्रेत्याची ही कहाणी ऐका! घाट उतरेपर्यंत पान भरलं. गावात उतरल्यावर मी ते त्यांच्या हातात दिलं. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून सगळं वाचेपर्यंत एक टेम्पो आमच्यावर धूळ उडवून गेला.

"सुरुवात चांगली हाय," ते म्हणाले. "पण हा गोरगरीब सोडाविक्रेता कोण?"

"तुम्हीच की."

"मी गरीब कधी झालो?"

"बाबा, पत्रकात तसंच लिहितात."

"मग तसं लिहू नको. गोरगरीब काढ. पीडित काढ. आन हे 'सावकारशाहीच्या जात्यात' पण काढ, मी कुठल्याच जात्यात न्हाय."

"मग उरतं काय?"

"मग मी उरतो," बाबा म्हणाले. "त्याच्यावर लिहून दाखव."

मला नाही जमलं. ते पत्रक कधी छापलं गेलं नाही. तेव्हापासून मी शेकड्यांनी पत्रकं लिहिली आहेत, ट्रेलरवाल्यांसाठी, गोदामातल्या हमालांसाठी, कंत्राटावरच्या बायकांसाठी, आणि आजही मी त्या योजनेबद्दल बोलायला उभी राहिले की माझा आवाज चढतो. ती मदत धंद्यासाठी नव्हती, कर्जासाठी होती. बँकांचं जुनं येणं बुडू नये म्हणून त्याला नव्याचा आधार दिला आणि त्या आधाराला सरकारने हमी दिली. ज्यांच्याकडून काही येणंच नव्हतं त्यांच्या बुडण्याने बँकेचं काहीच जाणार नव्हतं, म्हणून ते कुणाच्या हिशेबात आले नाहीत. हे मी आता तीन वाक्यांत सांगते. तेव्हा माझ्याकडे फक्त उद्गारचिन्हं होती.

त्याच आठवड्यात सुहासकाका संध्याकाळी ओट्यावर आले ते डोकं खाजवतच.

"भाऊ, गंमत सांगू? मी सकाळी दाढी करत होतो, फोन आला. बँकेतून. म्हणतात, तुम्हाला वाढीव मिळतंय, फक्त सहीला या. मी म्हटलं, साहेब, आधीचं कसं फेडू ते सांगा. तर म्हणतात, त्यासाठीच देतोय!"

कुणीच हसलं नाही. आईने कोकमाचे पेले आणून ठेवले. ओट्यावर सोडा नव्हता, त्याची आता हळूहळू सवय होत होती.

सुहासकाकांनी पेला उचलला नाही. म्हणाले, "मी काय म्हणतो. माझ्या नावावर येतंय तर येऊ दे. त्यातलं बाटल्यांपुरतं तुम्ही घ्या. हप्ता मला देत जा. कागद नको, काही नको. तुमचा शब्द बास."

बाबांनी समोरच्या वाडीकडे बघितलं. "म्हंजे देणं माझं आन नाव तुझं."

"व्हय."

"उद्या मी मेलो तर तू ह्या बायच्या दारात मागायला येशील?"

"काय बोलता भाऊ!"

"येणार न्हाईस. मला माहीत हाय. म्हंजे तू बुडशील."

"पण मरताय कशाला?"

"मरायचं न्हाय, म्हणूनच नको म्हणतो," बाबा म्हणाले.

मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी आत जाऊन रडले. आईला नाही वाटला. ती चुलीपाशी म्हणाली, "तत्त्व खाऊन जाळी न्हाय पडत घावनाला." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आज तिच्या जागी उभं राहून बघते तर वाटतं, घरात एक माणूस तत्त्वाचा असायला दुसऱ्याने पीठ मोजावं लागतं, आणि आमच्या घरात मोजणारी तीच होती, बोलणारे आम्ही दोघं.

गणपती झाले. दसऱ्याला बाबांनी रिकाम्या मशीनला झेंडूची माळ घातली. पुढच्याच शनिवारी गाड्या आल्या. खरंच आल्या, आधीपेक्षा जास्त, कोंडून ठेवलेली माणसं सुटावीत तशा. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. एका गाडीची काच खाली झाली आणि एका बाईने विचारलं, इथे तो गोटीवाला सोडा मिळायचा ना? बाबा म्हणाले, "मिळायचा." गाडी गेली. बाबा तसेच चालत रस्ता ओलांडून सुहासकाकांच्या वाडीत गेले, आणि मी मागे मागे.

सुहासकाका खोल्यांच्या चादरी वाळत घालत होते.

"मशीन तू घे," बाबा म्हणाले.

"काय?"

"तुझ्या वाढीव पैशातून. मशीनची वाजवी किंमत दे, बाटल्या तुझ्या, धंदा तुझ्या नावावर. तुझ्याकडे येतात ते तुझाच सोडा पितील. पेटी मी फिरवीन. दुसऱ्या कुणाला ती जमायची न्हाय. मला महिन्याचा पगार दे."

सुहासकाकांच्या हातातली चादर मातीत लोळत होती. "भाऊ, भागीदारी करू. अर्धी-अर्धी."

"भागीदारी म्हंजे कर्जात पण अर्धी. नको. पगार."

"तुम्हाला पगार देऊ मी? कुठल्या तोंडाने?"

"बँकेच्या," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा दोघं हसले. मी हसले नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी, मला डोळ्यांसमोर दिसत होतं की माझे वडील या चादरींच्या मधोमध एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेले. कुणी त्यांना लुबाडलं नव्हतं. समोर उभा होता तो त्यांचा सगळ्यात चांगला मित्र, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या कुठल्याच गुलाबी-पिवळ्या कागदावर असा प्रसंग छापलेला नव्हता.

मशीन न्यायला टेम्पो आला. चौकटीचे बोल्ट गंजून जमिनीत रुतले होते, ते तोडावे लागले. टेम्पोत चढवताना दांडा आपोआप फिरायला लागला, तेव्हा बाबांनी तो धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत टेम्पोबरोबर धरून चालत राहिले. आई दारात उभी होती.

"भावजी," ती सुहासकाकांना म्हणाली, "मशीन नेता, नवरा पण नेता. दोघांचं एकाच मांडवात उरकलंत. मला काय ठेवता?"

"तुम्हाला आराम, वहिनी. तिकडे ब्रशला मोटर बसवलीय, बाटल्या धुवायला नको."

"आराम कशाशी खायचा?" आई म्हणाली आणि आत गेली.

कागदोपत्री बघाल तर आमच्या गावातला सोड्याचा धंदा त्या योजनेने वाचला. खोटं नाही. मशीन चाललं, सुहासकाकांचे हप्ते भागले, पर्यटकांना सोडा मिळाला, एका माणसाला रोजगारही मिळाला. तो माणूस म्हणजे बाबा. सुहासकाका अजूनही त्यांना भाऊच म्हणतात, पगार पाकिटात घालून काकूंच्या हाती पाठवतात, स्वतः देत नाहीत. सोड्याला आता रंगीत पाटी आहे, लोक बाटली हातात धरून फोटो काढतात. मी गावी गेले की रस्त्यापलीकडून टक्टक् ऐकू येतं. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर. पण पडवी हलत नाही, कप वाजत नाहीत, आणि नापास बाटल्या घरी आणायच्या की नाही, हे बाबांनी कधी विचारलेलं नाही. मी सुचवलं तेव्हा म्हणाले, "माल त्याचा हाय." मला जे हवं आहे ते कुठल्याही योजनेत मागता येण्यासारखं नाही. मला पडवीत बसून कागदाच्या घड्या घालायच्या आहेत आणि ते दांडा फिरवत असताना त्यांच्या पाठीकडे बघायचं आहे.

बाबांचा कामावर जायचा पहिला दिवस आठवतो. कारखाना पडवीतच असल्यामुळे आमच्या घरात कुणाला कधी डबा लागला नव्हता. आईने शेजारून मागून आणलेल्या डब्यात भाकरी आणि बटाट्याची भाजी भरली आणि झाकण बसेना म्हणून एक भाकरी काढून ठेवली. बाबांनी तो आधी काखेत धरला, मग हातात, मग पिशवी मागितली. रस्त्यापलीकडेच तर जायचं होतं. तरी ते उंबऱ्यात थांबले, कारण कामाला जाणारा माणूस निघताना काहीतरी म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"येतो," ते म्हणाले.

आईने इतक्या वर्षांत त्यांना हे कधी विचारलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. तिने पदराला हात पुसले.

"किती वाजता?"

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग रस्त्यापलीकडे बघत म्हणाले, "ते आता सुहासला विचारावं लागेल."